तिसरा प्लग

एल आल्तोत हवा इतकी विरळ
की काडी पेटते, पण मनावर घेत नाही.
बासिलिया तार्कीच्या गॅरेजात
आधी कोकाच्या पानांचा चहा होतो,
मग बोनेट उघडतं.

आज आलाय खालच्या दमट मुलखातला
एवारिस्तो. पांढरी टोयोटा,
माझ्याहून वयाने थोरली.
चढाला दम टाकते, म्हणाला,
आणि पुढचं वाक्य बोलायला
स्वतःच थांबला, दार धरून.

प्लग मी काढते. चिंधीत धरून, गरम असतात.
निघाले त्याच क्रमाने
पुठ्ठ्याच्या भोकांत उभे करते.
क्रम चुकला तर
एकाचं दुखणं दुसऱ्याच्या माथी.

पहिला काळा. कोरडा काळा, काजळी,
फुंकरीनेही उडेल.
दुसरा तसाच, चौथाही.
"जळालं ना सगळं?"
"काही जळालं नाही. हवा अर्धपोटी, पेट्रोल पोटभर.
तुझा जेट खालच्या हवेच्या हिशेबाचा,
इथे धाकटा लागतो.
तुझ्या गावी हाच प्लग बिस्किटाच्या रंगाचा निघाला असता.
पांढराफटक निघाला असता, तर मी घाबरले असते.
पांढरा उपाशी असतो. पिस्टनला भोक पाडतो."

तिसऱ्याबद्दल ती बोलली नाही.
तिसरा काळाच,
पण ओशट, चकाकता.

मग गेज.
कॉइलची वायर सोडून मी आत बसते,
अ‍ॅक्सिलरेटर तळाला, किल्ली फिरवून धरते.
घुर्र, घुर्र, सहा वेळा.
बाहेरून ती आकडे ओरडते:
एकशे दोन.
शंभर.
चौसष्ट.
एकशे एक.

"पुस्तकात एकशे साठ लिहिलंय," एवारिस्तो म्हणाला.
रात्रभर वाचलं असणार बिचाऱ्याने.
"पुस्तक समुद्रकाठी लिहिलंय.
इथे शंभर म्हणजे निरोगी.
तुझी छाती मोजली तर तुझीही कमीच भरेल."
तो हसला. चौसष्टकडे बघून हसायचा थांबला.

चमचाभर ऑईल तिसऱ्यात. पुन्हा किल्ली.
त्र्याण्णव!
मी खिडकीतून डोकं काढून हसले.
"हसू नकोस," ती म्हणाली,
"तेलाने फट बुजली, म्हणजे फट होती.
काटा हलला नसता, तर व्हॉल्व्हवर संशय घेतला असता."

मग डिपस्टिक. थेंब दोन बोटांत चोळला,
मधासारखी तार निघाली.
धूर दडवायला कुणीतरी
जाडजूड काहीतरी ओतलं होतं.
"गाडी कुणाची घेतलीस?"
"मेहुण्याची. शनिवारी.
इंजिन ठणठणीत म्हणाला. पोरांची शपथ घेतली."

तिने हात पुसले. बराच वेळ पुसले,
नखांच्या कडांतूनसुद्धा.
पुठ्ठ्यावर खडूने आकडे लिहिले,
तिसऱ्याखाली दोन: आधीचा, नंतरचा.
"रिंगा गेल्यात."
"कधीपासून?"
"प्लग तारीख सांगत नाही."

ते खोटं होतं.
टोकावर तेलाच्या राखेचं कवच होतं, मसुराएवढं जाड.
एवढं साचायला महिने लागतात,
नखाने खरवडून तिनेच मला शिकवलंय.
मी गेजचा पाइप गुंडाळत राहिले.

एवारिस्तोने पैसे दिले, धाकट्या जेटचे.
रिंगांचं पुढल्या महिन्यात बघू, म्हणाला.
नवा प्लग बसवून घेतला
आणि जुना तिसरा मागितला.
खरवडू नका, आहे तसाच द्या.
रुमालात गुंडाळून तो खिशात घातला.
रविवारी सासुरवाडीला जेवण आहे, म्हणाला.