दोन सीटांचा हिशोब

जांबोटीच्या अलीकडं, बस्त्याव फर्नांडिसच्या काजूच्या शेडमध्ये
ती ताडपत्रीखाली उभी होती.
लाल म्हणाल तर लाल, नाहीतर विटकरी.
टप कापडाचा, दारं दोन, स्टिअरिंग डावीकडं.
पोर्तुगीजांच्या वेळी इटलीहून बोटीनं मुरगावला उतरली म्हणे,
मग घाट चढून इकडं आली
आमच्यातल्या पुष्कळांसारखी, चार दिवसांच्या कामाला.

"दोन लाख दहा. चालते की ओ, मी खोटं कशाला सांगू?"

मी खिशातलं लोहचुंबक काढलं,
मडगार्डवरून, दारावरून, खालच्या कडेनं फिरवलं.
चिकटलं तिथं पत्रा,
घसरलं तिथं पुट्टी.
डाव्या दाराखाली वीतभर घसरत गेलं.
मी काही बोललो नाही.
बस्त्यावही पोत्यातल्या बिया उगाच चिवडत राहिला.
"बरं, एक नव्वद."

रात्री वही उघडली.
एका पानावर अल्टो, चौदा सालची, दोन साठ,
एसी गार, चार माणसं,
भरमा कम्मारच्या गॅरेजात हात घालाल ते सामान.
दुसऱ्या पानावर ही.
लिटरला बारा, म्हणजे बस्त्यावचे बारा, म्हणजे दहा.
टप गळतो,
पावसाळ्यात इरलं घेऊन चालवावी लागेल.
डिकीत एक सिलिंडर, तोही आडवा.
सामान मिळत नाही.

इथं पेन थांबलं.

सामान मिळत नाही, हे
उद्यमबागेतल्या माणसानं लिहायचं?
सव्वीस वर्षं मी सागवानात पॅटर्न कोरतोय.
लोखंड गार होताना आक्रसतं,
तेवढी सूट आधीच धरून.
कुणाचा खांदा, कुणाचा गुडघा, कुठल्या पंपाचा घसा,
पेट्या भरल्या की पुण्याला, होसूरला.
त्या खांद्याला पुढं हात फुटला का,
कधी कुणी कळवलं नाही.

वैजू म्हणाली, "भाजी कुठं ठेवणार?"
"मांडीवर."
"कुणाच्या?"
मग स्वतःच, "हां. माझ्याच की."

बेंगळुरूहून निखिल म्हणाला,
"पप्पा, मी आलो की कुठं बसू?"
मी हसलो. फोन ठेवल्यावर वहीत बघितलं.
गेल्या वर्षी नऊ दिवस.
नऊ दिवसांची मागची सीट
तीनशे छप्पन्न दिवस रिकामी ओढायची,
पेट्रोल एकशे दोन असताना?
मी अल्टोच्या पानावर रेघ मारली.
रेघ सरळ आली नाही.

आरटीओत एक कागद पोर्तुगीज,
दुसऱ्यावरची सही पणजीच्या दमट हवेनं फुगलेली,
फॉर्म कन्नड, भरणारा मी.
खिडकीतल्या अंगडीसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं.
"डावीकडं स्टिअरिंग? ओव्हरटेक कसं करणार?"
"करणार नाही, साहेब."
"मग बरं," म्हणाले, आणि शिक्का मारला.

आता रोज हीच.
इतकी खाली, की दुसऱ्या गेटला थांबलो
तर म्हशीच्या पोटाखालून पलीकडचं पानाचं दुकान दिसतं.
शाळेची पोरं वरून आत वाकून बघतात,
एकानं परवा बिस्किट टाकलं.
फाउंड्रीत लावली की संध्याकाळी सीटवर काजळी,
पंचानं झटकायची, मग बसायचं.
खड्डा आला की टाळू आधी सांगते, कंबर नंतर.
मार्चात सायलेन्सर पडला, यळ्ळूर रोडला,
तो मी हातात घेऊन घरी आलो.
स्वस्त म्हणाल, तर खरंच स्वस्त;
पण बाजारात न मोजलेले माझे रविवार
मी कुठल्या पानावर लिहिलेले नाहीत.

गिअरचं बुश मी ओतलंय.
अर्ध सूत घट्ट बसलं, सूट धरताना चुकलो,
त्यामुळं तिसरा टाकताना दांडा जरा अडतो,
मग खट्कन जातो.
काढून घासायचं म्हणतोय दोन महिने.
वैजू नको म्हणते.
टोमॅटोची पिशवी मांडीवर धरून,
डोळे मिटून बसलेली असते ती उजवीकडं.
तिसरा पडला की कळतं मला, म्हणते,
आपण गावाबाहेर आलो.