उताऱ्याबाहेरचं

कॅनडा कॉर्नरच्या अभ्यासिकेत, सतरा नंबरच्या खुर्चीवर
मी कॅनडातला उतारा वाचतोय.
नदीवर धरण, सामन मासे उलटे चढताहेत,
आणि लेखकाचा सूर कोणता:
उपरोधिक, तटस्थ, की सावधपणे आशावादी?

खैरनार सर म्हणतात, आधी प्रश्न वाच, मग उतारा.
साडेआठ मिनिटं.
आणि उताऱ्याबाहेरचं काही धरायचं नाही.

बरं. मग गंगापूर धरण नाही धरत.
सातपूरची रात्रपाळी, साबणानं न जाणारा कूलंटचा वास,
डब्यात वहिनीची चिठ्ठी,
‘भाजी खारट झालीय भाऊजी, निभवा’,
हेही नाही.
तिचा सूर मात्र पर्याय न बघता कळला.

‘रेझिलियन्स’खाली तीनदा रेघ मारली.
डिक्शनरी म्हणते, चिवटपणा.
आमच्याकडे चिवट म्हणजे घाईत उतरवलेलं मटण.

चौथ्या परिच्छेदात मासे भिंतीपाशी पोचतात
आणि उतारा संपतो.
खाली लगेच: योग्य शीर्षक निवडा.

अरे, पण वर गेले का ते?

अठरा नंबरच्या मुलीकडे हेच पुस्तक.
हळूच विचारलं.
तिनं पेन्सिल न थांबवता सांगितलं,
‘ते विचारलेलं नाहीये.’

पान उलटलं.
पुढचा उतारा मधमाश्यांचा.