सामर्थ्य

फॉर्म कानडीत आहे. चौदा रकाने,
आणि प्रत्येकाच्या माथ्यावर एकच शब्द: सामर्थ्य.
कानडीत त्याचा अर्थ साधा,
किती मावेल, किती झेपेल.
माझ्या शाळेतल्या मराठीत मात्र
हा शब्द राजांना लावायचे, फार तर मारुतीला.
चार इंची पाइपाला कुणी लावत नव्हतं.

देवळहट्टी, सर्व्हे नंबर एकशे सत्तावीस,
अडतीस एकर, शेतीतून रहिवासी.
नकाशात सहाशे बारा प्लॉट पिवळे,
कोपऱ्यात बागेचा हिरवा चौकोन.
त्या चौकोनात आत्ता एक विहीर आहे,
काठावर कुणाची तरी कपबशी पालथी घातलेली.
नकाशात विहीर नाही.

परशराम मुतगेकर पाणी सोडतो.
चावी त्याच्या खांद्याला लागते.
पाचव्या दिवशी खालची गल्ली, सहाव्या दिवशी वरची.
'मामा, आणखी सहाशे घरांना पाइप पुरेल?'
चावीला टेकून तो माझ्याकडे बघत राहिला.
'पाइप पुरालाय की.
पाणी पुरालंय काय, ते इचार.'
मग थोडं थांबून, दुसरीकडे बघत,
'वरच्या गल्लीतली आवटेबाई
दोन वर्सं झाली माझ्याशी बोलत नाही.
तिचा नळ शेवटचा.'

सहाशे बारा गुणिले पाच माणसं
गुणिले एकशे पस्तीस लिटर:
चार लाख तेरा हजार एकशे, रोज.
टाकीच्या पोटावर निळ्या अक्षरांत
एक लक्ष.
गुणाकार मी दोनदा केला,
दुसऱ्यांदा तो कमी येईल अशा आशेने.

शाळा दोन, आवार एक, मधे कडुलिंब.
मराठी शाळेत बाकं साठ, मुलं एकोणीस.
हुद्दारबाईंनी मला खुर्ची दिली, स्वतः उभ्या राहिल्या.
'लिहा, मावतील.
सहाशे घरांची सगळी मावतील. आम्ही खोल्या झाडून ठेवल्यात.'
हजेरीपट त्यांनी माझ्यासमोर उघडला नाही, नुसता हात ठेवला त्यावर.
येणारी मुलं कडुलिंबाच्या कुठल्या बाजूला वळतील
हे फॉर्म विचारत नाही.
त्याही विचारत नव्हत्या, पण
निघताना फाटकापर्यंत आल्या.

फाटकाबाहेर स्कूटरवर भैरू चौगुल्याचा मुलगा.
त्याचे सहा एकर त्या अडतिसांत.
'मॅडम, नाला लहान हाय म्हणून आमचं अडवून ठेवणार?
नाला आमी बांधलाय काय?'
उत्तर होतं माझ्याकडे, नियमासकट.
त्याच्या प्रश्नापुढे ते मला
जरा आखूड वाटलं.

माझं घरही अशाच एका पिवळ्या चौकोनात आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला.
गुरुवारी टँकर येतो.
घागरी रात्रीच रांगेत लागतात, आमची निळी,
दोरीने शेजारणीच्या घागरीला बांधलेली.
त्या जमिनीच्या वेळीही कुणीतरी
सही करण्याआधी हाच फॉर्म भरला असेल,
चौदाही रकाने, एका बैठकीत, चहा निवायच्या आत.
त्याचा मला राग येत नाही,
गुरुवार सोडून.

नाला शेवटी ठेवला होता.
चन्नबसू पँट गुडघ्यावर दुमडून टेपचं टोक घेऊन उतरला.
रुंदी दीड मीटर, खोलीत निम्मा गाळ,
गाळात एक प्लास्टिकची खुर्ची, पाय वर करून.
पलीकडच्या काठाला टेप टेकवून
तो ओरडला, 'साकु?'
पुरे का, एवढंच विचारत होता,
टेपबद्दल.

माझ्या हातात दुसरं टोक.
वरच्या शिवारातून भाताचा वास येत होता,
खालून नाल्याचा.
पेन्सिल कानामागे,
रकाना कोरा.
'थांब,' मी म्हटलं,
'आणखी थोडी सोड.'