साखर काढलेलं लाकूड

मुंद्र्याहून ट्रक आला तेव्हा
हिंदुराव सुतारांनी पहिली फळी उचलली
आणि माझ्याकडं बघितलं.
'मॅडम, ह्याचं वजन कुठं गेलं?'

मी सांगितलं, भट्टीत घातलं होतं.
बंद भट्टी, आत हवा नाही, नुसती वाफ,
दोनशे बारा अंश.
पाइनच तो, साधा, पांढरट,
बाहेर आला भाजलेल्या कॉफीच्या रंगाचा.
आतली साखर गेली, म्हणून बुरशीला गोडी नाही,
पावसात फारसा फुगणार नाही.
बाहेरच्या भिंतीला लावायचा.

'बाहेर? लाकूड? कोल्हापुरात?'
त्यांनी आभाळाकडं नाही, माझ्या चपलांकडं बघितलं,
जणू त्यांवरची धूळ पुण्याची होती.

मग करवत लावली
आणि राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत, भर दुपारी,
गुऱ्हाळाचा वास सुटला.
काहिल उतरवायला उशीर झाला,
तळाला गूळ धरला, की येतो तो :
गोड, करपट, कुणीतरी शिव्या खाणार असल्याचा.
झेरॉक्सवाल्यानं मान बाहेर काढली.
हिंदुरावांनी चिमूटभर भुसा जिभेवर ठेवला.
त्यांचे वडील वडणग्यात गुळव्या होते,
पाण्यात पाकाचा थेंब सोडून गोळी बघायचे.
हेही तसेच डोळे मिटून थांबले.
थुंकले.
'वास हाय. चव न्हाई.'

पहिली फळी खिळ्यानं उभी चिरली.
चाळीस वर्षांत लाकूड असं उलटून बोललं नव्हतं त्यांना.
दुसरीला आधी भोक पाडलं,
मग स्टेनलेसचा स्क्रू, हळू, पाहुण्याला जेवायला वाढावं तसा.
मागं पट्ट्या, पट्ट्यांमागं बोटभर पोकळी.
खालचं टोक जमिनीपासून वीतभर वर.
पोकळी त्यांना पटली.
'पाणी जाणारच आत. जाऊ दे.
त्याला परत यायला वाट ठिवा म्हंजे झालं.'

डॉक्टर शेडबाळ्यांची लॅब ती.
सकाळी सातला उपाशी माणसांची रांग
त्या तपकिरी भिंतीला टेकून उभी राहायची,
दंडाला कापूस दाबून.
वर्षाला एकदा तेल लावा, मी लिहून दिलं होतं.
कागद फाइलीत राहिला.

तिसऱ्या वर्षी फोन : 'रंग गेला. फसवलंत.'

गेलो दोघं.
पश्चिमेची बाजू राखाडी, चुलीतल्या थंड राखेसारखी.
पागोळीखाली अजून तपकिरी.
आणि 'उपाशीपोटी यावे' ही पाटी
दाराच्या दुसऱ्या बाजूला हलवली होती,
तिच्या जुन्या जागी लख्ख चौकोन,
अक्षरं नसलेला, ताजा.

हिंदुरावांनी कोपऱ्यावर रंधा फिरवला. एकदाच.
आत होता तो होताच.
'डॉक्टर, उन्हानं वरची कातडी पिकलीया. लाकूड जाग्यावर हाय.
माझे केस बघा की.'
डॉक्टरांनी केस बघितले नाहीत, डोळे बघितले.
'जेवलाय काय?'
'न्हाई अजून.'
'बसा आत. हात द्या.'

अर्ध्या तासानं चिठ्ठी आली.
दोनशे बारा.

मी काही बोलले नाही.
ते हसले, आधी नाकातून, मग सगळे.
'लाकडाएवढा तापलोय म्हणा.
मॅडम, ती भट्टी कुठं हाय म्हणाला?
चार दिवस मला पण बसवा आत.'
मग गप्प. चिठ्ठीची घडी,
घडीची घडी.

कोपऱ्यावरच्या गाड्यावर चहा सांगितला,
एक साधा, एक बिनसाखरेचा.
आयुष्यात पहिल्यांदा सांगत होते,
आवाज इतका खाली की पोरानं दोनदा विचारलं.

कप आला. त्यांनी खिशातून
मघाची रंध्याची ढलपी काढली,
कुरळी, पातळ, आतल्या रंगाची.
नाकाशी धरली
आणि त्या वासावर
कप संपवला.