परिशिष्ट अ

प्रिंटरला हिरवा लेजर पेपर लावत
नदाफभाऊंनी विचारलं, ताई, विरुद्ध कोण?
मी म्हटलं, विरुद्ध कोणी नाही,
वडिलांसाठी पालक म्हणून मला नेमा, एवढंच मागायचंय.
तसं चालत नाही, ते म्हणाले,
अर्ज म्हटला की समोर कुणीतरी लागतो.
मग विजयनगरच्या कोर्टाबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये,
माझं नाव वर गेलं, अर्जदार,
मधे तो एकटा शब्द, दोन्हीकडं रिकामी जागा सोडून,
आणि त्याच्या खाली
भूपाल सातगोंडा मगदूम, वय ७९, धंदा काही नाही.

धंदा काही नाही.
एकेचाळीस वर्षं हळदीच्या पेठेत दिवाणजी.
सौद्यांच्या दिवसांत त्यांच्या आधी
वास उंबरा ओलांडायचा,
आईनं दोनदा धुतलेला सदरा दोरीवरही पिवळाच.
हे कुठल्या कलमात बसवायचं?
कुंभोजकर वकील म्हणाले, त्रिशलाताई, थोडक्यात लिहा,
कोर्टाला वास नको, दाखला हवा.

दाखला मिरजेच्या डॉक्टरांचा, मूळ प्रत आणि तीन झेरॉक्स.
हरकत नाही असं भावाचं प्रतिज्ञापत्र, पुण्याहून, कुरिअरनं,
आत चिठ्ठी नाही.
कलम सहा : सामनेवाला यांस स्वतःच्या मिळकतीची
देखभाल करता येत नाही, तसेच आर्थिक व्यवहार समजत नाहीत.
नोटरीनं विचारलं, मजकूर खरा ना?
मी मान हलवली.
हलवलेली मान लिहून घेत नाहीत,
म्हणून मग सही केली.

पंधरवड्यानं बेलिफ वायदंडे नोटीस घेऊन घरी.
मी गिरणीत होते.
अण्णांनीच त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं,
पोच म्हणून सही दिली, तीच ती, म-ची शेपटी लांब ओढलेली,
तारीख मात्र चौऱ्याऐंशी सालची.
मी आले तेव्हा चष्मा लावून बसलेले,
मांडीवर परिशिष्ट अ, मिळकतीची यादी.
बोट रकान्यातनं सावकाश खाली उतरत होतं,
ओठ हलत होते, आवाज नाही,
हातचे घेताना हलायचे तसे.
मग माझ्याकडं बघितलं, परक्या बाईकडं बघावं तसं.
बाई, हे कुणी लिवलंय?
बेरजेत चाळीस रुपयं जास्त हाईत.
मालकाला म्हणावं, आधी मेळ घाला, मग सही मागा.

मी मोबाइलवर तीनदा केली.
चाळीस जास्त.

वकिलांना फोन केला. ते जरा वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, बेरीज दुरुस्त करून घेऊ,
बाकीचं कुणाला सांगत बसू नका.

पुन्हा पत्र्याची शेड, पुन्हा हिरवा कागद.
दुरुस्तीचं कारण काय घालू?
टंकलेखनातील नजरचूक, मी म्हटलं.
नदाफभाऊ थोडे दुखावले.
कुणी धरली?
आमच्या पेढीच्या दिवाणजींनी.
मग पुढच्या खेपेला आधी त्यांना दाखवून आणा, ते म्हणाले,
आणि दहा रुपयांचं तिकीट
पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून चिकटवलं,
विरुद्ध या शब्दाच्या जरासं वर.