तिसऱ्या रांगेतली खुर्ची

निप्पोनबाशीत, दुसऱ्या मजल्यावर, आमच्या दुकानात
ऐकायला पैसे पडत नाहीत.
बुधवारी दुपारी गिऱ्हाईक नसतं.
मी कानातल्यांच्या रबरी टोप्या स्पिरिटने पुसत बसतो,
लहान, मध्यम, मोठ्या,
तीन वाट्यांत, डाळ निवडावी तशा.

चांगले कुठले, कानात घालायचे की कानांवर घ्यायचे?
रोज कुणीतरी विचारतं.
माझं उत्तर पाठ आहे:
लहान ते ढोलाचा ठोका घट्ट धरतात,
मोठे ते हवा देतात.
मालक इगाराशी म्हणतात, एवढं बोललास की गप्प बस,
पुढचं ज्याचं त्याच्या कानांना ठरवू दे.

तोकुहाशीबाईंनी विचारलंच नाही.
रुमालात बांधलेला रेकॉर्डर काउंटरवर सोडला.
"बेचाळीस वर्षं पियानो लावले," म्हणाल्या,
कुणी सांगावं, बेचाळीस वर्षं भात लावला,
तशा सुरात.

आत गाणं नव्हतं.
साकाईचं एक सभागृह, मैफलीआधीची सकाळ,
आणि एकच पट्टी.
पुन्हा. पुन्हा. तार जराशी पिळून
पुन्हा.

आधी कानातले दिले.
उजव्याला मध्यम टोपी, डाव्याला लहान.
माणसाचे दोन कान सख्खे असतात, जुळे नसतात,
हे मला या धंद्याने शिकवलं.
बाईंनी डोळे मिटले.
"हातोडीचा नमदा झिजलाय. एका बाजूने.
त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नव्हतं."
मग, "हा श्वास माझा.
नाकात शिट्टी वाजते की माझ्या!
कुणी बोललं नाही कधी."
मग करकर झाली कसलीशी.
"आणि हा माझा गुडघा," त्या म्हणाल्या.

मग मोठे. जाळीच्या पाठीचे, चारशे ग्रॅम,
किंमत त्यांच्या दोन महिन्यांच्या पेन्शनएवढी.
दोन्ही हातांनी दिले, काठोकाठ भरलेलं भांडं द्यावं तसे.
सूर उठला आणि लांब गेला.
नमदा गेला, श्वास गेला,
भिंती आल्या.
"छत लाकडाचं," त्या पुटपुटल्या,
"मागचा पडदा ओढलेला नाही."
आणि एकदम बोट वर.

"तो गुडघा नाही.
तिसरी रांग, उजवीकडे. खुर्ची आहे ती.
पण सभागृहात तर कुणी नव्हतं."

मागे नेलं. ऐकलं. मागे नेलं.
मीही दुसरी वायर लावून कान दिला.
होती.
कुणीतरी हळूच बसत होतं,
आवाज होऊ नये म्हणून फार जपून,
आणि जपल्यामुळेच करकरत होतं.

पुन्हा कानातले घातले, तर
करकर होतीच, अधिक स्पष्ट, अगदी लाकडाच्या रेषेसकट,
पण कानाच्या पडद्याला चिकटलेली.
तिला रांग नव्हती, नंबर नव्हता.
इतक्या जवळची वस्तू
माणूस आपलीच समजतो.

मग त्यांनी मोठे पुन्हा डोक्यावर घेतले, या वेळी उलटे,
डाव्याचा उजवा करून.
मी सांगायला गेलो, पण त्या चुकल्या नव्हत्या.
आता खुर्ची डावीकडे करकरायला हवी होती.
त्यांनी वाट पाहिली.
काट्याने ती जागा ओलांडलेली मला दिसली.
त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

सावकाश उतरवून ठेवले.
"डावा वरचे सूर ऐकत नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं.
मी मनावर घेतलं नाही."
रुमालाची गाठ मारता मारता
अर्धवट स्वतःशी,
"तर मग डावीकडे कोण कोण बसून गेलं असेल."

घेतलं काय, तर लहान टोप्यांचं एक पाकीट.
मध्यम घरी आहेत म्हणाल्या.
जिन्यापाशी वळल्या. "बुधवारी गर्दी नसते ना?"

"नसते," मी म्हटलं.
त्या तशाच उभ्या.
मग मी काउंटरला वळसा घालून
त्यांच्या उजव्या हाताला आलो
आणि पुन्हा म्हटलं.