सांधेवाला

तडवी मॅडमनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला
आणि पेनाच्या टोकानं दाखवलं:
काका, इथं फट दिसायला हवी होती.
दोन हाडांमध्ये एक गुळगुळीत गादी असते,
तुमची झिजली. आता हाडाला हाड घासतं.

मी म्हटलं, फट मला समजते.
एकतीस वर्षं भुसावळ यार्डात सांधेवाला होतो.
दोन रुळांत बोटभर जागा सोडतात, मे महिन्यासाठी.
नाही सोडली
तर दुपारी दोनला लोखंड सापासारखं वाकतं.

त्या हसल्या. कुठल्या हातानं ओढायचे दांडा?
ह्याच.
मग त्यानंच झालं असेल, असं मीच पुढं म्हटलं,
कारण घरी, कट्ट्यावर, सुनेच्या माहेरी
मी सगळ्यांना तेच सांगत आलो.
नुसतं त्यानं नाही, त्या म्हणाल्या,
वयानंही होतं. आणि अठ्ठ्याऐंशी साली
डब्यावरून पडला होता ना खांद्यावर?
मी गप्प झालो.
तक्रार रेल्वेच्या नावावर होती इतकी वर्षं,
तिच्यातली अर्धी आज माझ्या नावावर आली.

गादी नवी येत नाही.
दुखणं कमी होतं, हात वर जातो, जाईल तेवढा.
गोळी जेवल्यावर, स्वतःच्या मनानं नाही.
रोज शेक. फार झालं तर सुई.
ऑपरेशनचं नंतर बघू.
शेक म्हटल्यावर मी बाहेरच्या उन्हाकडं पाहिलं,
पंचेचाळीस होतं.

मग टेबलावर डावा हात टेकून वाकायला लावलं,
उजवा खाली सोडा, म्हणाल्या, लोंबू द्या, हलू द्या.
हातबत्तीसारखा?
हो, हातबत्तीसारखा.
लाल बत्ती जोरजोरात हलवायची असते, मॅडम,
हिरवी सावकाश.
मग हिरवी.

घरी द्रौपदा दारात उभी राहून पाहते,
काय करू राह्यले तुम्ही, गाडी येऊ राह्यली का?
सदरा घालताना आधी दुखरा हात, हे मात्र तिनंच लक्षात ठेवलंय.
भाकरीचा तवा उतरवायचा तर
तीच पुढं होते, मी खांदा धरून बाजूला.

भिंतीवर बोटं मुंगीसारखी चढवायची, हा दुसरा व्यायाम.
स्वयंपाकघरात दिनदर्शिका आहे, शनिवारची ओळ सगळ्यात खाली.
पहिल्या आठवड्यात शनिवारी पोचलो.
काल शुक्रवारी.
आज गुरुवारी नख लागलं आणि आतून
कर्र झालं, जुन्या सांध्याला तेल नसल्यावर होतं तसं.
थांबलो. मॅडमनी सांगितलंय, दुखलं की थांबा,
पण उद्या परत या.

रात्री उजव्या कुशीवर वळता येत नाही.
डाव्या कुशीवरून यार्ड ऐकतो:
कुणीतरी सांधा बदलतंय,
आता बटणानं बदलतात म्हणे,
खांदा लागत नाही.